चौकातला पुतळा: ब्राँझ की फायबर?

तालमीसमोर पुतळा बसवायचं ठरलं की मंडळाच्या बैठकीत पहिला वाद यावरच होतो. आमचं मत आधीच सांगतो: उघड्यावर ब्राँझ, छताखाली फायबर. आणि पैसे कमी पडत असतील तर पूर्णाकृती फायबरपेक्षा ब्राँझचा अर्धपुतळा करा.

फायबरची, म्हणजे काचतंतूंची मॅट आणि ती घट्ट धरणारं रेझिन (गोठून कडक होणारा चिकट द्रव) यांच्या पुतळ्याची, ओढ साहजिक आहे. माणसाएवढा ब्राँझचा पुतळा 5-6 मिलिमीटर जाडीत ओतला तरी सव्वाशे-दीडशे किलो भरतो. फायबरचा, लोखंडी सांगाडा सोडला तर, वीस-पंचवीस किलोंत होतो. ड्युएन हॅन्सन या अमेरिकन शिल्पकारानं पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरमधून हुबेहूब माणसं घडवली, पण ती दालनात मांडण्यासाठी. चौकात उन्हानं वरचा थर भुरभुरीत होतो, ब्राँझसारखा मारलेला रंग उडतो. केसाएवढी भेग पडली तरी पावसाचं पाणी आत झिरपतं, सांगाडा गंजून फुगतो आणि घोट्यापासून तडा वर चढतो. नाक, कानाची पाळी, बोटांची टोकं इथं मॅट नीट बसत नाही. नुसतं रेझिन राहतं आणि तेच आधी टिचतं. काम जूनच्या आत उरका. ओलसर हवेत मॅट दमट होते, थर चिकट राहतो. मग घाईनं रेझिन गोठवणारा हार्डनर 2 टक्क्यांच्या वर गेला की रेझिन तापून तडकतं.

ब्राँझसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातू ओतण्याचे कारखाने) जवळ आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. तिथं मुख्यतः वाळूच्या साच्यात यंत्रांचे भाग ओततात. पुतळ्याला मेणाचं ओतकाम (मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा) जाणणारा माणूस हवा. करारात मिश्रण लिहून घ्या: तांबं 85, कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के. ताबा घेताना पुतळ्यावरून चुंबक फिरवा. जिथं चिकटेल तिथं साच्यातली लोखंडी खीळ राहिली आहे. तिचे तांबूस ओघळ पुढं छातीवर उतरतात. बारीक छिद्रं वेल्डिंगनं बुजवलीत की पुट्टीनं, हेही बघा. तळाला पाणी निघायला भोक हवंच.

खरा पैसा आणि वेळ मात्र मातीकामाला, म्हणजे साचा घेण्याआधीच्या मातीच्या नमुन्याला द्या. चौथरा आठ फुटांचा असेल तर मातीचा नमुना तेवढ्याच उंचीवर चढवून खालून बघा. समोरून बरोबर वाटणारी हनुवटी खालून डोळे झाकते. सार्वजनिक जागेसाठी या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे दुरुस्ती त्याआधीच. ब्राँझ केलंत तरी मातीच्या नमुन्यावरून घेतलेल्या त्याच साच्यातून फायबरची एक प्रत काढून घ्या आणि तालमीत आत ठेवा. पुढं कधी बोट किंवा तलवारीचं टोक मोडलं, तर माप तिच्यावरूनच मिळेल.