हर्मिटेज, नॅशव्हिल: वाडा आधी बघू नका

वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचा चेहरा आहे त्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचं हे घर टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरापासून पूर्वेला साधारण 12 मैलांवर आहे. स्मोकी माउंटनला जाताना तासाभरात उरकू म्हणून इथे गाडी वळवणारे बरेच. तासाभरात फक्त वाडा होतो. जागा हजार एकरांहून मोठी आहे, तीन तास तरी हाताशी हवेत.

वाड्यात शिरायची वेळ ठरलेली असते. बहुतेक जण लगेचची वेळ मागतात आणि तिथेच चुकतात. झुंबरं आणि खांब आधी बघितले की मागच्या शेतापर्यंत चालत जायचा उत्साह राहत नाही. दीड-दोन तासांनंतरची वेळ मागा आणि आधी थेट मागे जा.

मागे लाकडी ओंडक्यांची दोन बुटकी घरं दिसतात. त्यातलं मोठं घर जॅक्सनचं इथलं आधीचं घर. ते बघून 'बिचारा किती गरिबीतून वर आला' असा समज होतो, पण तो अर्धाच खरा आहे. 1804 मध्ये कर्जापायी आधीची मोठी जागा विकून जॅक्सनने ही 425 एकर घेतली, तेव्हा तो अमेरिकी संसदेचा म्हणजे काँग्रेसचा सदस्य, सिनेटर आणि न्यायाधीश होऊन चुकला होता आणि टेनेसीच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या सैन्याचा, मेजर जनरलही होता. हे घरही त्या वेळी दुमजली होतं. 1821 मध्ये कुटुंब विटांच्या घरात गेल्यावर त्याचा एक मजला उतरवला आणि उरलेल्यात गुलाम राहू लागले. म्हणजे 8 जानेवारी 1815 ला न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना हरवून देशभर गाजलेला सेनापती परतला तो या ओंडक्यांच्या घरात. टेनेसी तेव्हा देशाची पश्चिमेकडची सरहद्द होती, तिथलं राजकारण कसं चालायचं ते इथे पाच मिनिटांत समजतं.

तिथून आणखी पुढे शेतात राबणाऱ्या गुलामांची वस्ती होती. आता मोकळं गवत आहे, घाईतला माणूस इथूनच परत फिरतो. परत फिरू नका. साधारण 20 फूट लांब, 20 फूट रुंद अशी एकेक खोली आणि त्यात एकेक कुटुंब. जमिनीखाली खोदलेले खड्डे उत्खननात सापडले, त्यात धान्य-भाजी आणि चार किडुकमिडुक वस्तू ठेवत. 1804 मध्ये इथे 9 गुलाम होते, 1845 मध्ये जॅक्सन वारला तेव्हा सुमारे 150. सगळा डोलारा कापसावर उभा होता. 1804 सालीच पळालेल्या एका गुलामासाठी जॅक्सनने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: पकडून देणाऱ्याला 50 डॉलर, शिवाय प्रत्येक शंभर फटक्यांमागे 10 डॉलर जास्त, तीनशे फटक्यांपर्यंत. ही जाहिरात डोक्यात ठेवून मग वाड्याकडे वळा.

वाड्याचा दर्शनी भाग दगडी वाटतो, पण ते उंच खांब लाकडाचे आहेत. दोन पावलं बाजूला सरकलं की उघड्या विटा दिसतात. 1834 ला आग लागल्यावर घर पुन्हा उभं केलं, हे रूप तेव्हाचं. आत दिवाणखान्याआधीच्या लांब दालनात नजर वर ठेवा. ग्रीक कथेतल्या टेलिमाकसच्या प्रवासाची चित्रं असलेला पॅरिसच्या द्युफूर कारखान्याचा कागद भिंतीभर लावलेला आहे. फर्निचरही बरंचसं त्याच घरातलं, हे अशा स्मारकांत फार कमी ठिकाणी मिळतं. वरचा मजला जिना चढूनच बघावा लागतो. सोबत गुडघे दुखणारे आई-बाबा असतील तर त्यांच्यासाठी खालचा मजला आणि बाग पुरेशी आहे.

खोल्या बघून एक गोष्ट मात्र कळत नाही. मार्च 1814 मध्ये हॉर्सशू बेंडला क्रीक या आदिवासी जमातीविरुद्धच्या लढाईत जॅक्सनच्या बाजूने चेरोकी ही दुसरी जमात आणि काही क्रीकही लढले. त्याच वर्षी तहात क्रीकांची सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन गेली, त्यात त्याच्या बाजूने लढलेल्यांचीही होती. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1830 चा आदिवासींना हुसकावणारा कायदा आला आणि पुढे चेरोकींनाही मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. त्यासाठी आवारातल्या संग्रहालयाला अर्धा तास वेगळा द्या, नाहीतर हातात फक्त पडदे आणि पलंग उरतात.

उन्हाळ्यात इथली हवा कोकणासारखी दमट असते आणि सावली तुटक. पाणी, टोपी, बंद बूट हवेतच. बूट गवतातल्या गोचिडांसाठी. एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा.

बाग शेवटी घ्या. तांब्याच्या घुमटाखाली जॅक्सन आणि 1828 च्या डिसेंबरात, शपथविधीच्या आधीच वारलेली त्याची पत्नी रेचल. त्याच्या शिळेवर राष्ट्राध्यक्ष नाही, 'जनरल' कोरलेलं आहे. जवळच आणखी एक दगड आहे, बरेच जण तो न बघताच जातात. तो आल्फ्रेडचा. इथेच गुलाम म्हणून राबलेला, मुक्त झाल्यावरही इथेच राहून लोकांना हे घर दाखवणारा आल्फ्रेड 1901 मध्ये वारला.