नोंगरियाट की डावकी?
मेघालयात एकच दिवस हाती असेल, तर सोहरा (चेरापुंजी) परिसरातील नोंगरियाट आणि बांगलादेश सीमेवरचे डावकी यांपैकी एकाचीच निवड करावी. नोंगरियाटचा दुमजली पूल खासी लोकांनी रबराच्या झाडाची जिवंत मुळे पिढ्यानपिढ्या वळवून घडवला आहे. मात्र तिरना गावातून तेथे पोहोचण्यासाठी ३,००० हून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतीची चढण गुडघ्यांची खरी परीक्षा घेते. डावकीकडे जाताना रिवाई गावातला तसाच, पण एकमजली मुळांचा पूल थोड्याच चालीत पाहता येतो, पुढे उमंगोट नदीत नौकाविहार करता येतो, आणि सीमेपलीकडे बांगलादेशातील तामाबिल आहे. उमंगोटचे काचेसारखे पाणी मात्र हिवाळ्यातले. पावसाळ्यात ते गढूळते, तेव्हा सोहराजवळचा सुमारे ३४० मीटरांचा नोहकालिकाई धबधबा भरात असतो (धुक्याने दर्शन होऊ दिले तर). माझा कौल नोंगरियाटला. वृद्ध आई-वडील सोबत असल्यास डावकीला.