पूलवाल्याचं कार्ड, माझे पैसे आणि 150 पीपीएम सायन्युरिक

हे लिहिताना लाज वाटतेय आणि त्याहून जास्त संताप येतोय. घरच्या स्विमिंग पूलच्या देखभालीचं वर्षाचं कंत्राट, पैसे आगाऊ. दर आठवड्याला येऊन पाणी तपासणार, औषध टाकणार. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

आमचा पूल 50 हजार लिटरचा. बिलात लावलेलं: कॅल्शियम हायपोक्लोराइट (क्लोरीनची पावडर) 65 टक्के, 36 किलो, शेवाळनाशक 12 लिटर. प्रत्यक्षात पंपरूमच्या मागे सापडल्या ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांच्या, 5 किलोच्या तीन रिकाम्या बादल्या. फ्लोटरमध्ये (पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यात) गोळ्या भरायच्या, तपासणीच्या कार्डावर आकडे खरडायचे, निघायचं. ट्रायक्लोर वाईट नाही, पण त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. ते क्लोरीनला उन्हात टिकवतं, पण जास्त झालं की त्याचा जोर कमी करतं. क्लोरीन खर्च होतं, सायन्युरिक साठत राहतं. 50 हजार लिटरला 1 किलो ट्रायक्लोर म्हणजे साधारण 11 पीपीएम (दहा लाखात 11 भाग) सायन्युरिक. 15 किलोचा हिशेब तुम्हीच करा. 30 ते 50 पुरतं. आमच्या पाण्यात 150 निघालं. एवढ्या सायन्युरिकमध्ये 2 पीपीएम क्लोरीनचा काही जोर चालत नाही, पाणी हिरवं होणारच. आणि हिरवं झालं की हा शेवाळनाशकाचं नवं बिल लावायचा! दुखणंही यानेच आणायचं आणि औषधही यानेच विकायचं.

आता ते कार्ड. प्रत्येक ओळीत तेच: क्लोरीन 2.0, पीएच 7.4. पाणी हिरवं होतं त्या आठवड्यातही तेच. एकदा पंपरूममध्ये गेले, तर खिळ्याला अडकवलेल्या कार्डावर पुढच्या आठवड्याची ओळ आधीच भरलेली! तारीख, आकडे, सही, सगळं त्याच निळ्या पेनने. विचारलं, तर म्हणाला, "अहो ताई, चुकून पुढची तारीख पडली." त्याच क्षणी त्याला गेटबाहेर काढायला हवं होतं. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही.

पण मी तरी काय करणार होते? मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, म्हणूनच तर पैसे मोजून माणूस ठेवला. हातात मोजे, खिशाला डिजिटल मीटर, बोलणं ठाम. तो मीटर निव्वळ टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा होता हे नंतर कळलं. त्यावर ना क्लोरीन कळतं, ना पीएच. मुलांचे डोळे लाल व्हायचे, नाकात वास जायचा, तर म्हणायचा, "वास येतोय ना, म्हणजे औषध काम करतंय." साफ खोटं. तो उग्र वास क्लोरामाइनचा असतो, म्हणजे घाम-लघवीशी मिळून वापरल्या गेलेल्या क्लोरीनचा. म्हणजेच मोकळं, जंतू मारायला शिल्लक असलेलं क्लोरीन कमी पडतंय. तुमच्याकडे कुणी हे वाक्य बोललं तर लगेच सावध व्हा.

पाणी तपासायची किट स्वतःची घ्या, डीपीडीची, मोकळं क्लोरीन वेगळं दाखवणारी. पिवळा रंग देणारी ओटीओ किट फक्त एकूण क्लोरीन दाखवते, मोकळं किती ते सांगत नाही. मी तपासलं तेव्हा पीएचचा रंग 6.8 च्याही खाली गेला, पट्टीच संपली. म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं होतं. शिडीला गंज का चढला ते तेव्हा उमगलं.

पैशांचं एक वेळ सोडा. जाताना तो लेबल नसलेली पांढरी पावडर देऊन गेला आणि वर सांगितलं की गोळ्या संपल्या की त्याच फ्लोटरमध्ये टाका. ती हायपोक्लोराइट असती तर? ट्रायक्लोरच्या ओलसर चुऱ्यावर हायपोक्लोराइट पडलं की आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. घरात लहान मुलं आहेत! दोघांचे डबे, चमचे, फ्लोटर वेगळेच हवेत. ॲसिड तर क्लोरीनच्या जवळपासही ठेवू नका, विषारी वायू होतो. आणि औषध पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही.

तक्रार घेऊन गेले, तर ग्राहक कार्यालय म्हणालं, लेखी करारात कोणतं रसायन ते लिहिलेलं नाही. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. आरोग्य खात्याने सांगितलं, आम्ही सार्वजनिक तलाव बघतो, खासगी नाही. बिनलेबलाचा डबा टेबलावर ठेवला, तर साहेबांनी झाकणाकडेही पाहिलं नाही, उलट मलाच विचारलं, "यात काय आहे हे तुम्हाला कसं माहीत?" अहो, तेच तर तुम्ही तपासायचं ना! मग तपासणार कोण? पावतीवर शिक्का मारायलाही कुणी तयार नाही. एखाद्याचा हात भाजल्यावर बघणार का?

करार करताना रसायनाचं नाव, टक्केवारी आणि किलो लिहून घ्या. कार्डावर सायन्युरिकचा रकाना नसेल तर सहीच करू नका.

सायन्युरिक उतरवायला खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणं. 150 वरून 40 वर यायला एका दमात काढलं तरी जवळजवळ 37 हजार लिटर पाणी काढावं लागतं, आणि थोडं थोडं काढून भरलं तर त्याहूनही जास्त. मला टप्प्याटप्प्यानेच काढावं लागतंय, कारण भूजल वर असेल तर रिकामी टाकी जमिनीतून उचलली जाऊन तडे जातात. या पाण्याचं बिल त्याच्याविरुद्धच्या अर्जाला जोडलं आहे. अर्ज अजून तसाच पडून आहे.