आरएक्स १००चा साईड स्टँड: नाशिकमध्ये कुठला घ्यावा, कुठला टाळावा

यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल साईड स्टँडवर डावीकडे जास्त झुकायला लागली की बहुतेक जण थेट नवीन स्टँड आणून बसवतात. आठवडाभर गाडी बरी उभी राहते, मग पुन्हा झुकते. झिजलेला असतो फ्रेमचा कान, म्हणजे स्टँड जिथे अडकतो ती फ्रेमला वेल्ड केलेली पट्टी, आणि त्यातून जाणारा बोल्ट. स्टँड बिचारा अनेकदा चांगलाच असतो. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. नाशिकमध्ये या कामासाठी सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे जाड पाइपचा, नीट वेल्डिंग केलेला कॉपी (कंपनीचा नसलेला) स्टँड आणि त्याच्या जोडीला सातपूर किंवा अंबडच्या लेथवर मापाने करून घेतलेला बोल्ट. नुसता स्टँड बदलणं म्हणजे अर्धं काम.

ही गाडी भारतात १९८५च्या अखेरीस आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे शेवटच्या गाड्यांनीही तिशी गाठली आहे. सेल्फ स्टार्ट नाही. किक उजवीकडे, स्टँड डावीकडे. गाडी साईड स्टँडवर ठेवून, वर बसून किक मारायची सवय घराघरात आहे, आणि कान वाकण्याचं मुख्य कारण तेच आहे. हिशेब मांडून बघा. गाडी सुमारे १०० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला आणि स्टँडचा पाय चाकांच्या रेषेपासून २८० मिमी लांब धरला, तर ११ अंश झुकलेल्या गाडीचे ३३-३४ किलो स्टँडवर येतात. त्यावर ७० किलोचा माणूस बसला की तोच भार ७५ किलोच्या पुढे जातो. किकचा धक्का अजून यात धरलेलाच नाही. झुकाव १५ अंशांवर गेला तर रिकाम्या गाडीचाही भार ४५ किलोच्या आसपास होतो. म्हणजे गाडी जितकी झुकते तितका कान जास्त वाकतो, आणि कान वाकला की ती आणखी झुकते. हे चक्र वेळेत तोडलं नाही तर एक दिवस कान वेल्डपाशी चिरतो.

दुकानात जाण्याआधी घरी दोन गोष्टी तपासा. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडवर घ्या. साईड स्टँड खाली करून त्याचा पाय हाताने आत-बाहेर हलवा. दोन-तीन मिलिमीटर हालचाल ठीक. सेंटिमीटरभर किंवा जास्त हलत असेल तर दोष सांध्यात आहे. वरच्या चिमट्यातली (कानाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्टँडच्या तोंडातली) अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई लांबीमुळे खाली दसपट होऊन दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे झुकाव. मागच्या रिमवर एक सरळ पट्टी उभी धरा, तिला फोन टेकवा आणि फोनमधल्या लेव्हलवर कोन वाचा. आधी डबल स्टँडवर, मग साईड स्टँडवर. दोन्हींतला फरक हा खरा झुकाव. १० ते १२ अंश उत्तम. १५च्या पुढे धोका. ७-८ अंशांपेक्षा कमी असेल तर तेही वाईट. रविवार कारंजावरून गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर जरा चुकीच्या बाजूला उभी केली तर गाडी उजवीकडे पडते.

लांबीचा फरक लोक फार हलक्यात घेतात. २८० मिमीच्या अंतरावर १० मिमी म्हणजे जवळपास २ अंश. मागचा टायर २.७५–१८ काढून ३.००–१८ घातला असेल तर चाक साधारण ६ मिमी उचललं जातं, आणि स्टँडपाशी त्यातले तीन-चार मिमीच पोचतात. ते चालून जातं. पण मागे इंचभर लांब गॅस शॉक अॅब्सॉर्बर घातले असतील तर स्टँडपाशी गाडी १४-१५ मिमीने वर जाते आणि मूळ मापाचा स्टँड आखूड पडतो. अशा गाडीला मूळ मापाचा कितीही चांगला नग आणा, गाडी झुकणारच. १७ इंची अलॉय घातलेल्या गाडीचं उलटं होतं, तिथे स्टँड लांब पडतो.

आता खरेदी. द्वारका, सारडा सर्कल, मुंबई नाका या पट्ट्यातल्या स्पेअरच्या दुकानांत आरएक्सचे कॉपी स्टँड मिळतात. आरएक्स १००, आरएक्सजी, आरएक्स १३५ सगळ्यांना हाच चालतो असं सांगून एकच नग पुढे ठेवला जातो. नावावर जाऊ नका. जुना स्टँड काढून पिशवीत न्या आणि सोबत स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर ठेवा. "दादा, जाड पाइपवाला दाखवा, दोन-तीन नग काढा," असं सरळ सांगा. एकाच खोक्यातल्या दोन नगांत फरक निघतो, म्हणून हे सांगणं भाग आहे.

काउंटरवरच जुना आणि नवा एकमेकांवर ठेवा, बोल्टची भोकं जुळवा. मग भोकाच्या मध्यापासून तळपायापर्यंतची लांबी बघा. पाच मिमीच्या आत फरक असेल तर घ्या. जुना स्टँड स्वतःच वाकलेला असेल तर तो सरळ रेषेत कसा असता हे डोळ्यांनी ताडून मगच तुलना करा. त्यानंतर चिमट्याचं तोंड. कानाची जाडी घरून मोजून नेलेली असावी. तोंड तिच्यापेक्षा अर्ध्या मिमीपेक्षा जास्त रुंद नको. स्वस्त नग इथेच नापास होतात. एक-दीड मिमीची फट असली की नवा स्टँड पहिल्या दिवसापासून डुलतो. भोकात जुन्या बोल्टचा न झिजलेला भाग घालून बघा, तो खळखळत असेल तर नग परत.

तळपायाची पट्टी पूर्ण कडेने वेल्ड केलेली हवी. फक्त दोन टाके मारून वर चकचकीत प्लेटिंग केलेले नग दिसायला सुंदर असतात आणि तेच तिथून तुटतात. पट्टी रुंदही हवी. एप्रिल-मेमधल्या मऊ डांबरात आणि दिंडोरी-निफाडकडच्या काळ्या मातीत अरुंद पाय खचतो, आणि गाडी पाच मिनिटांनी पडते. वजनाचा अंदाज हातानेच घ्या. सारख्या लांबीच्या दोन नगांतला जड तो घ्यायचा, पाइपची भिंत जाड असते. किमतीतला फरक इतका किरकोळ असतो की हलका नग घ्यायला काहीच कारण नाही.

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात काळजीपूर्वक, स्प्रिंग अडकवायची खुंटी बघा. स्टँड वर-खाली होताना स्प्रिंगची रेषा बोल्टच्या मध्यावरून पलीकडे गेली पाहिजे. म्हणूनच तो दोन्ही टोकांना घट्ट बसतो. कॉपी नगात ही खुंटी सात-आठ मिमी सरकलेली असली तर दोनपैकी एक होतं: उभ्या गाडीचा स्टँड जरा धक्क्याने मागे मिटतो, किंवा चालत्या गाडीचा स्टँड खड्ड्यात खाली येतो. दुसरी गोष्ट जीवघेणी आहे. डाव्या वळणावर खाली आलेला स्टँड रस्त्याला टेकतो आणि मागचं चाक उचलतो. लांबी चुकली तर वेल्डिंगने सुधारता येते, खुंटी चुकलेला नग मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये.

अंबड लिंक रोडवरच्या भंगार बाजाराची आठवण बरेच जण काढतात. महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये तो हटवल्यापासून जुने पत्ते धरून जाण्यात अर्थ नाही, मेकॅनिकला विचारून जा. जुना ओरिजिनल नग मिळाला तर धातू चांगला असतो यात शंका नाही, पण त्याचंही भोक लांबट झालेलं असतं. भोकात बुश (धातूची बारीक नळी) घालायची तयारी असेल तरच घ्या. स्प्लेंडरचा स्टँड 'चाक १८ इंचीच आहे' म्हणून बसवतात तो प्रकार टाळा. चाक जुळलं म्हणजे चिमटा, वाक आणि खुंटी जुळली असं होत नाही.

बोल्टवर जास्त लिहायला हवं, कारण दुकानांत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट इथे कधीही घालू नका. आटे कानाच्या भोकाला कानशीसारखे खातात. शिवाय जपानी गाड्यांत १० मिमीच्या बोल्टला १.२५चा पिच (दोन आट्यांतलं अंतर, मिमीमध्ये) असतो आणि हार्डवेअरमध्ये सहसा १.५चा मिळतो, जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात. पिच गेज लावून बघा, नाहीतर जुना बोल्टच टर्नरला, म्हणजे लेथवरच्या कारागिराला, द्या. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही जॉबवर्कवाल्याला ईएन८ पोलादात खांद्याचा बोल्ट, म्हणजे मधला भाग गुळगुळीत आणि आटे फक्त टोकाला असलेला, करायला सांगा. गुळगुळीत भागाचा व्यास भोकापेक्षा ०.१ मिमी कमी, आणि त्याची लांबी चिमटा-कानाच्या एकूण जाडीपेक्षा ०.२ मिमी जास्त. मग नट पूर्ण आवळला तरी स्टँड मोकळा फिरतो. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) घ्या. एक नग करायला काही टर्नर नाखूश असतात. दोन-तीन मित्रांचे बोल्ट एकत्र दिले की काम आनंदाने घेतात.

कानाचं भोक लांबट झालं असेल तर तिथेच रीमरने भोक गोल करून पोलादी बुश बसवून घ्या. वेल्डिंग भरून पुन्हा ड्रिल करणारेही आहेत, पण हाताने केलेलं ड्रिल तिरकं जातं आणि स्टँड तिरका बसतो. कान वाकलेला असेल तर गॅसने लाल करून एकदा सरळ करता येतो. दुसऱ्यांदा नको, मग मागून त्रिकोणी पट्टीचा आधार वेल्ड करावा. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरीच्या तारा आणि इग्निशन युनिटचा कपलर काढा, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

स्टँड रंगवायचा असेल तर पावडर कोटिंग चांगलं टिकतं, फक्त चिमट्याच्या आतल्या बाजू आणि भोक झाकून द्या, नाहीतर तिथला थर निघून ढिलाई येते. स्प्रिंगला झिंक प्लेटिंग करू नका. प्लेटिंगमध्ये ताठ पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि स्प्रिंग आकड्यापाशी अचानक तुटते. ग्रीस लावली की पुरे.

स्प्रिंग चढवताना पक्कड आणि ताकद वापरणारे बोटं चिरून घेतात. सोपी रीत अशी: स्प्रिंग व्हाइसमध्ये धरून एका बाजूला वाकवा, उघडलेल्या वेढ्यांत पातळ वॉशर सरकवा, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडेही. वेढ्यांत दहा-बारा वॉशर बसले की स्प्रिंग लांब होऊन हाताने अडकते. स्टँड खाली ओढला की वॉशर आपोआप गळतात. चष्मा लावा, वॉशर उडतात.

जोडून झाल्यावर स्टँड मिटलेला असताना अंगठ्याने चार बोटं खाली दाबून सोडा. तो खटकन परत गेला पाहिजे. मग झुकाव पुन्हा मोजा. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट आणि पायाची हालचाल परत तपासा, आणि दर पावसाळ्यानंतर बोल्ट काढून, पुसून नवी ग्रीस भरा. किक मात्र गाडी डबल स्टँडवर घेऊन किंवा साईड स्टँड मिटवून, डावा पाय जमिनीवर टेकवूनच मारायची.