क्लोरीन ‘शून्य’ दाखवून आमच्या सोसायटीला गंडवलं

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला. दिवाळीच्या सुट्टीत स्विमिंग पूलची मोटर जळली, पाच दिवस फिल्टर बंद राहिला आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी शेवाळी हिरवं झालं. मी कमिटीत, त्यामुळे माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात. कुणीतरी नंबर दिला, तो बाइकवर आला, पाण्यात हात घालून म्हणाला, “शॉक द्यावा लागेल साहेब.”

इथपर्यंत त्याचं चुकलं नव्हतं. शेवाळ झाल्यावर क्लोरीन एकदम वाढवतात, त्यालाच शॉक म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी त्याने कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर बादलीत कालवून ओतली. शनिवारी सकाळी माझ्यासमोर टेस्ट केली. छोट्या नळीत पूलचं पाणी, त्यात डीपीडीची गोळी. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. गोळी फुटताना तळाशी गुलाबी धागा उठला आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच विरला. पाणी स्वच्छ पांढरं. “बघा, झिरो. शेवाळाने सगळं क्लोरीन खाल्लं.” मी विचारलं, मग आत्ता गुलाबी काय दिसलं? “उजेडाचा खेळ असतो तो.”

मी मान डोलावली. त्याचंच अजून वाईट वाटतं.

शनिवारी दुसरा शॉक. रविवारी पुन्हा झिरो. मग पीएचची (पाणी किती आम्ल, किती अल्क ते सांगणारी) टेस्ट, तिचा रंग जांभळा आला. पीएच फार चढलाय म्हणून 10 लिटर ॲसिड ओतलं. तोवर 48 हजार झाले होते. सोमवारी म्हणाला, हे पाणी आता मेलं, पूल रिकामा करून टँकरने भरू. आमचा पूल 12 बाय 6 मीटर, खोली सरासरी 1.2, म्हणजे 86 हजार लिटर. दहा हजारी टँकर नऊ लागणार. टँकरवालाही त्याचाच!

दुसऱ्या मजल्यावरचे काका आयुष्यभर एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. मीटिंगमध्ये माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गुलाबी येऊन गेलं म्हणतोस ना? मग क्लोरीन नाही असं नव्हे, बेसुमार आहे.” क्लोरीन अती झालं की ते डीपीडीचा रंगच ब्लीच करून टाकतं. नळी कोरी दिसते आणि माणूस ‘शून्य’ वाचतो. पीएच मोजायला फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य टाकतात, त्याचंही तसंच, जास्त क्लोरीनमध्ये ते खोटं जांभळं होतं. आम्ही स्वतःचं किट मागवलं, तर आतल्या कागदावर हे चक्क छापलेलं. त्याच्या किटमध्ये तो कागद नव्हता.

काकांनी सिरिंजने एक भाग पूलचं पाणी घेतलं, नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर घातलं (गाडीच्या बॅटरीत टाकतात तेच, नळाचं नको, त्यात स्वतःचं क्लोरीन असतं). गोळी टाकली. लख्ख गुलाबी! आकडा साडेतीन, गुणिले दहा, म्हणजे 35 पीपीएम (दहा लाख भागांत 35 भाग). पोहायला 1 ते 3 लागतं. आणि हे पाणी मेलं म्हणून तो पूलवाला सगळं सोडून द्यायला निघाला होता.

मग बिल काढलं. पावडर 30 किलो लावली होती. वॉचमनने कचऱ्यात टाकलेली पाकिटं मोजली होती, एकेक किलोची आठ. काकांनी पेन्सिलीने हिशोब मांडला: 65 टक्क्यांची पावडर असेल तर आमच्या पूलला 10 पीपीएम चढवायला जेमतेम 1.3 किलो पुरते. पहिल्या दिवशीच्या चार किलोतच 30 पीपीएम झालं होतं. आधी मला वाटत होतं, माणूस अडाणी असेल. पाकिटांनंतर नाही वाटलं.

पूल दुरुस्त करायला फारसं काही लागलं नाही. गेटला कुलूप, फिल्टर चालू आणि वाट बघणं. क्लोरीन उन्हाने उतरतं, पण आमचा पूल दोन टॉवरच्या मधे, ऊन दोनच तास, म्हणून सहा दिवस गेले. पातळ केलेली टेस्ट रोज सकाळी. क्लोरीन 3 च्या खाली आल्यावरच पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) मोजली, त्याआधीच्या आकड्यांना अर्थ नव्हता. पीएच 6.6 निघाला, त्या ॲसिडची कृपा. शिडीच्या स्क्रूंवर गंज दिसायला लागला होता. अल्कलिनिटी 55, हवी 80 ते 120. किराणा होलसेलवाल्याकडून पाच किलो खाण्याचा सोडा आणून दोन हप्त्यांत टाकला. पीएच हळूहळू 7.4 वर आला.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलं रोखीची, वर जीएसटी नंबरही नाही. ती चूक माझी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या कॉम्प्लेक्समधून फोन आला. पूल हिरवा, शॉक दिलाय, तरी क्लोरीन झिरोच येतंय, काय करावं? मी विचारलं, गोळी टाकताना क्षणभर गुलाबी होतं का? पलीकडे थोडा वेळ शांतता. “हो, पण तो म्हणाला उजेडामुळे...” काका तेव्हा चहा पीत होते. कप ठेवून सिरिंज शोधायला उठले.