लेकीचा नंबर: सिम नागपुरात ठेवावं की टोरोंटोला पाठवावं?

लेक टोरोंटोला गेली तेव्हा तिचं सिम एका जुन्या बटनांच्या फोनात घालून आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी ठेवलं. बँक, आधार, पीएफ सगळं त्याच नंबरला जोडलेलं. ओटीपी आला की आम्ही व्हॉट्सॲपवर टाकायचा. भारी सोय, असं सुरुवातीला मी चार लोकांना सांगितलंही.

खर्च मात्र पाहा. ज्या फोनला इंटरनेटच चालत नाही, त्याला रोजच्या डेटासकट २८ दिवसांचं रिचार्ज! २८ दिवसांचा महिना कोणत्या पंचांगात असतो? वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज पडतात. २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल-एसएमएसचं व्हाउचर सक्तीचं केलं, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. हे सगळं आमच्या बर्डीवरच्या (सीताबर्डी) मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या पोराला सांगितलं, तर म्हणे, "काका, असा प्लॅनच नाही येत." त्याच्याच कंपनीचं ॲप उघडून, पार खाली दडवलेला प्लॅन दाखवला. "हां, हा आहे नं, पण कोणी घेत नाही." अरे, दाखवतच नाही तर घेईल कोण बाप्पा?

शेजाऱ्यांनी सुचवलं, रिचार्ज कशाला, २० रुपये शिल्लक ठेवा. नियम खरा आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तरी २० रुपये कापून आणखी ३० दिवस राखता येतो. पण नंबर जिवंत राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. आमच्या सिमच्या कंपनीत रिचार्जची वैधता संपली की काही दिवसांनी इनकमिंगही बंद. आणि नंबर गेलाच, तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. २० रुपयांच्या नादात बँकेचे मेसेज परक्याच्या हातात.

तरी माझं मत होतं, सिम घरीच बरं. ते बदललं वेळेमुळे. टोरोंटोत रात्रीचे आठ, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. आमची ही चष्मा शोधून आकडे वाचेपर्यंत ओटीपी बाद, मग लेकीचा पुन्हा फोन, "आई, परत पाठवते." दिवाळीत ती आली तेव्हा सिम तिच्याच फोनात दुसऱ्या जागी घातलं आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग नागपुरातच सुरू करून घेतलं. ते इथेच करा, तिकडे पोचल्यावर कस्टमर केअरशी भांडत बसू नका.

खरं सांगतो, मला भरवसा नव्हता. पण तिकडे उतरल्यावर बँकेचा मेसेज आला, तोही फुकट. डेटा रोमिंग बंदच ठेवायचं आणि त्या नंबरवर आलेला फोन उचलायचा नाही, कारण इनकमिंगला मिनिटाप्रमाणे पैसे लागतात. कर्ज हवं का म्हणून विचारणारे तिथेही सोडत नाहीत.

लेक आता म्हणते, नंबरच सोडू. तिच्या एनआरओ खात्याचं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं) यूपीआय कॅनडाच्या नंबरवर चालतं; २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं परवानगी दिलेल्या दहा देशांत कॅनडा आहे. पण आधारचे एसएमएस परदेशी नंबरवर येत नाहीत, त्याचं काय? वर्षाचं व्हाउचर मी मारून टाकलं आहे. डेटाशिवायचं.