ऑरेंज व्हिप: लय लावेल, स्लाइस नाही घालवणार

गोल्फच्या सरावाच्या साधनांपैकी ऑरेंज व्हिप बऱ्याच बॅगांत दिसतं. ते काय सुधारतं (फटक्याची लय) आणि काय नाही (स्लाइस, म्हणजे चेंडूचं हवेत बाजूला वळणं), याचा हिशेब मात्र विकत घेण्याआधीच करायला हवा, कारण अमेरिकेतच त्याची किंमत शंभर डॉलरच्या वर आहे.

रचना साधी आहे. एका टोकाला वजनदार केशरी चेंडू, मध्ये चांगलाच वाकणारा शाफ्ट (दांडा) आणि ग्रिपच्या (मुठीच्या) टोकाला तोल साधणारं वजन. पूर्ण आकाराचं साधन 47 इंच लांब, म्हणजे नेहमीच्या ड्रायव्हरपेक्षाही (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबपेक्षाही) लांब. वजन 800 ग्रॅमच्या आसपास, ड्रायव्हरच्या दुपटीहून जास्त. त्याने चेंडू मारायचा नाही, नुसतं फिरवायचं.

खरी करामत शाफ्टची. बॅकस्विंगच्या (क्लब मागे नेण्याच्या) टोकाला केशरी चेंडू क्षणभर मागेच रेंगाळतो. त्याची ओढ हाताला जाणवेपर्यंत थांबलात आणि मग कंबरेपासून खाली वळलात, तर शाफ्ट एकाच वळणात सुरेख फिरतो. घाईने नुसत्या हातांनी खाली ओढलंत की शाफ्ट आडवातिडवा लचकतो, चेंडू डगमगतो आणि फॉलो-थ्रूला (फटक्यानंतर हात पुढे जाताना) पाय सरकतो. चूक तिथल्या तिथे कळते, कोच शेजारी नसला तरी. व्यावसायिक खेळाडूंचा बॅकस्विंग डाउनस्विंगच्या (क्लब खाली आणण्याच्या) साधारण तिप्पट वेळ घेतो. हौशी खेळाडूची गडबड बहुधा याच वळणावर होते.

वापरताना सुरुवात पाय जुळवून, कंबरेइतक्या अर्ध्या स्विंगने करा. मागे-पुढे, मागे-पुढे, मध्ये न थांबता दहा-बारा वेळा. मग पाय खांद्याइतके फाकवून तीन-चतुर्थांश आणि शेवटी पूर्ण स्विंग. प्रत्येक फेरीनंतर सात नंबरच्या आयर्नने (मध्यम पल्ल्याच्या क्लबने) चार-पाच चेंडू मारा, नाहीतर लय साधनातच राहते, क्लबपर्यंत पोचत नाही. पकड हलकीच हवी. मूठ आवळली की शाफ्टची ओढ कळतच नाही. घामट हवेत मात्र ग्लोव्ह घालाच, एवढं वजन हातातून सुटलं तर समोरच्याची खैर नाही.

आता मर्यादा. याला क्लबफेस (चेंडूवर आपटणारा क्लबचा सपाट भाग) नाही. त्यामुळे फेस उघडा (बाहेरच्या बाजूला वळलेला) राहून होणारा स्लाइस याने जात नाही. उलट लय सुधारल्यावर तोच स्लाइस जास्त जोरात जाऊ शकतो. म्हणून आधी एक चाचणी करा. सात नंबरच्या फेसवर फूट पावडरचा स्प्रे मारून वीस चेंडू मारा (चेंडू कुठे लागला त्याच्या खुणा दिसतील; त्या पुसट झाल्या की पुन्हा स्प्रे). जवळजवळ सगळे उजवीकडे वळले (उजव्या हाताच्या खेळाडूचे), तर पैसे कोचला द्या आणि पकड सुधारून घ्या. खुणा कधी टोला (फेसच्या बाहेरच्या टोकाला), कधी हीलला (दांड्याकडच्या टोकाला), एक फटका फॅट (चेंडूआधी जमिनीला लागलेला) तर दुसरा टॉप (चेंडूच्या वरच्या भागाला लागलेला), असा कारभार असेल तर दोष बहुतेक लय आणि तोलाचा. तिथे हे साधन पैसे वसूल करतं. नेम कुठे धरताय हेही याला कळत नाही. त्यासाठी जमिनीवर दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणाऱ्या सरळ काठ्या) पुरतात, आणि त्या खूप स्वस्त पडतात.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये 47 इंची साधनाने पूर्ण स्विंग विसरा, पंखा जाईल. घरासाठी साडेपस्तीस इंची छोटी आवृत्ती आहे. जागा वाचते, पण ओढ इतकी ठळक जाणवत नाही. गच्ची किंवा मैदान जवळ असेल तर मोठंच घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकलांत ग्रिपकडचं वजन आहे का ते आधी बघा. ते नसेल तर उरते ती नुसती जड काठी.

स्पर्धेत पहिल्या टी-शॉटच्या (सुरुवातीच्या फटक्याच्या) आधीच काय ते फिरवून घ्या. राउंड सुरू झाल्यावर याने सराव-स्विंग केला तर नियम 4.3 लागतो: स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोकचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या खेळात) ते होल गेलं, आणि पुन्हा तसंच केलं तर थेट बाद.